रांजणाचा विसावा

आधी एवढं सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? "मला इतके हवेत, सुगीला देईन, नाही दिले तर ही घागर उचलून न्या," असं म्हणणाऱ्यावर, की "अहो, आपल्यात कसला हिशेब," असं म्हणणाऱ्यावर? पहिला रुक्ष वाटतो, दुसरा गोड. पण दुकानात बसणाऱ्याला विचारा. वीतभर कापडासाठी अर्धी दुपार घासाघीस करणारं गिऱ्हाईक सणाच्या आधी पैसे आणून टाकतं. आणि जो भावच विचारत नाही, तो पैसे द्यायचे असं ठरवून आलेलाच नसतो.

हे झालं परक्यांचं. घरच्यांचं काय? बापावर विश्वास ठेवावा की नाही? हसू नका. गोष्ट ऐका, मग उत्तर द्या.

नदीकाठच्या एका पेठेत निळीच्या रंगाऱ्यांची गल्ली होती. त्या गल्लीत एक रंगारी, त्याची बायको आणि त्यांचा एकुलता एक मुलगा केरबा राहायचे. घर लहान होतं, पण मागचं अंगण मोठं, आणि अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक रांजण होता. रंगाऱ्याच्या पणज्याने पुरलेला.

निळीचा रांजण म्हणजे नुसतं भांडं नव्हे, बरं का. तो जिवंत असतो. त्याला चुना लागतो, गूळ लागतो, टाकळ्याचं शिजवलेलं बी लागतं. रोज सकाळी दांडक्याने ढवळावं लागतं. तब्येत बरी असली की वर तांब्याच्या झाकेचा फेस येतो. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढताना हिरवट दिसतं. वारा लागला की बघता बघता निळं होतं. रंगारी म्हणायचे, निळीला पाण्यात रंग नसतो, रंग वाऱ्यात असतो. कायमची झाकून ठेवलेली नीळ काही कामाची नाही.

आणि रांजणाला विसावा लागतो. चार दिवस कापड बुडवायचं, पाचव्या दिवशी नुसतं ढवळून झाकून ठेवायचं. त्या दिवशी गल्लीतले रंगारी कट्ट्यावर बसून पानं खायचे. परक्या माणसाला वाटायचं, आळशी लोक आहेत.

त्या गल्लीत आणखी एक रीत होती. मूल सात वर्षांचं झालं की त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत रांजणात बुडवायचे आणि गल्लीत गूळ वाटायचा. केरबा सात वर्षांचा झाला तेव्हा रंगारीण आडवी आली. म्हणाली, "याचे हात कागदाला लागायचेत. निळे डाग नकोत." शेजारणी म्हणाल्या, बाई, डाग जातात. ती म्हणाली, यांचे गेले का? आणि तिने नवऱ्याचे हात पुढे करून दाखवले. ते कोपरापर्यंत असे निळे होते की नखांच्या कडासुद्धा सुटल्या नव्हत्या.

गूळ वाटला गेला नाही. केरबाचे हात कोरे राहिले.

राजधानीत एक मोठी पाठशाळा होती. तिथे तीन वर्षं शिकलं की लहान पगडी मिळायची, पाच वर्षं शिकलं की मोठी. लहान पगडीवाल्याला कुणाच्याही पेढीवर लिहिण्याचं काम मिळे. मोठ्या पगडीवाला दरबारात जाई, असं म्हणत. गेलेला कुणी पेठेने पाहिला नव्हता, पण म्हणत.

पोरगा हुशार होता, यात शंका नाही. रंगाऱ्याने साठवलेलं होतं ते पहिल्या वर्षात संपलं. दुसऱ्या वर्षी रंगारणीच्या पाटल्या गेल्या. त्यानंतर रंगारी पेठेतल्या कापडवाल्या शेठजींकडे गेला. शेठजी कापड विकायचे आणि सावकारीही करायचे. माणूस हसतमुख होता. रंगाऱ्याला गादीवर बसवलं, पान दिलं आणि मग आपली अट सांगितली. मुद्दल मुलगा कमावता झाल्यावर. व्याज रोकडीत नकोच. त्याऐवजी पाचव्या दिवशी रांजण मोकळा असतो ना, त्या दिवशी दुकानाचं कापड रंगवून द्यायचं.

रंगाऱ्याला हसावं की रडावं कळेना, इतका आनंद झाला. ज्या दिवसाची कमाई शून्य, तो दिवस शेठजी व्याज म्हणून धरत होते. घरचं काहीच जात नव्हतं.

शेठजी व्यापारी होते, पण अगदीच बिनकाळजाचे नव्हते. त्यांनी विचारलं, "रंगारीदादा, रांजणाला चालेल ना? नाहीतर आत्ता सांगा, दुसरं काही बघू."

"चालेल की. भरलेला रांजण आहे, त्याला काय होतंय," रंगारी म्हणाला.

आता पिढ्यान् पिढ्या नीळ करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण ज्याची किंमत कधी मोजली नाही ती वस्तू फुकट वाटते. रात्री झोपायला पैसे पडत नाहीत म्हणून झोप विकायला काढणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. रंगाऱ्याने रांजणाची झोप विकली.

राजधानीत केरबाला यातलं काही माहीत नव्हतं. घरून निरोप यायचा तो एकच: पैशाचं आम्ही बघतो, तू शीक. त्या वाक्यावर पोरगं निश्चिंत झालं. सोबतची मुलं खानावळीत जेवायची, हाही जेवायचा. त्यांनी सहलीची वर्गणी काढली, यानेही दिली. त्याला उधळ्या म्हणू नका. बापाची थैली किती खोल आहे ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तळ दिसत नाही तोवर विहीर भरलेलीच वाटते.

तीन वर्षं झाली. केरबाला लहान पगडी मिळाली आणि तो सुट्टीला घरी आला. जेवताना त्याने सहज विषय काढला. राजधानीतल्या एका धान्याच्या पेढीवर लिहायची जागा होती. पगार बेताचा, पण लगेच. नाहीतर मोठ्या पगडीची आणखी दोन वर्षं.

"बाबा, घरात पैशाची ओढ असेल तर सांगा," केरबा म्हणाला. "मी पेढीवर जातो. मला त्याचं काही वाटणार नाही."

मंडळी, या गोष्टीतली खरी वेळ ही. बाकी सगळं नुसतं ओघात येतं.

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती वाढता वाढता थांबली होती. तिच्या मनगटावर काचेच्या बांगड्या होत्या, दुसरं काही नव्हतं. केरबाचीही नजर तिथे गेली आणि त्याने विचारलं, आई, पाटल्या कुठे? ती म्हणाली, सैल झाल्या होत्या, सोनाराकडे टाकल्यात. आणि तिने पदर मनगटावर ओढून घेतला.

"ओढ कसली?" रंगारी म्हणाला. "बापाचा रांजण भरलेला आहे. तू मोठी पगडी घेऊन ये."

पोराने विश्वास ठेवला. का ठेवू नये? बाप होता. धान्याच्या पेढीवर दुसरं कुणी लागलं.

तो गेल्यावर रंगारीण म्हणाली की सांगायला हवं होतं. रंगारी म्हणाला, त्याच्या डोक्यावर ओझं कशाला?

रांजण मात्र कुणाचं ऐकत नव्हता. आधी फेसाची झाक गेली. मग कापड दोनदा बुडवावं लागे, मग तीनदा, तरी ते आकाशी राही, निळं होत नसे. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका नवरदेवाचा निळा फेटा वरातीत घामाने उतरला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या निळ्या झाल्या, तेव्हा वरातीतले लोक हसले आणि नवरदेवाचा बाप रंगाऱ्याच्या दारात येऊन काय बोलायचं ते बोलून गेला. रंगाऱ्याने गूळ वाढवला, चुना वाढवला. थकलेल्या बैलाला पेंड घालून काय उपयोग? त्याला सोडावं लागतं. आणि सोडायचा दिवस तर शेठजींच्या नावावर होता.

एका सकाळी रांजणाचं झाकण काढलं तर फेस बसलेला, पाणी मातकट, आणि वास असा की रंगाऱ्याने नाकाला धोतराचा सोगा लावला. रांजण मेला होता.

याही दुखण्यावर गल्लीत एक उपाय होता. ज्याचा रांजण मरे त्याने रिकामी घागर डोक्यावर उपडी घ्यायची आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. दार आलं की ती सुलटी करून म्हणायचं, "माझा रांजण गेला, विरजण वाढा." प्रत्येक घर आपल्या जिवंत रांजणातलं ओंजळभर पाणी घागरीत घाली. त्यावर नवा रांजण लागे. कुणी पैसे घेत नसे, कुणी हसत नसे, कारण प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी कधी ना कधी उपडी घागर घेऊन फिरलेलं होतं. अट एकच. मागायचं ते उजेडात, मोठ्याने, आणि सगळ्या दारांत.

रंगारणीने घागर घासून आणली. रंगारी उठला नाही. म्हणाला, "पोराचं शेवटचं वर्ष आहे. तो मोठी पगडी घालून येणार, आणि त्याचा बाप घागर घेऊन फिरतो? शेठजींच्या कानावर गेलं तर उद्या मुद्दल मागतील."

"मागू देत. आपण तोंडाने सांगू त्यांना."

"काय सांगू? चालेल म्हणालो होतो."

त्याने मेलेल्या रांजणावर गोणपाट टाकलं. आणि रोज सकाळी तो उठून त्यात दांडकं फिरवू लागला, म्हणजे शेजाऱ्यांना नेहमीचा आवाज ऐकू जावा. मेलेला रांजण ढवळायला अंगाला ताकद तेवढीच लागते.

पण शेठजींचं कापड तर द्यायलाच हवं. ते रंगारी गुपचूप बैलगाडीत घालून पलीकडच्या गावी नेई आणि तिथल्या रंगाऱ्याकडून पैसे देऊन रंगवून आणी. म्हणजे व्याज देण्यासाठीच पुन्हा पैसे लागू लागले. ते कुठून आणायचे? शेठजींकडूनच. या वेळी त्याने सांगितलं की दुसरा रांजण बसवायचाय, धंदा वाढलाय. शेठजींनी अभिनंदन केलं आणि तारण म्हणून अंगण लिहून घेतलं, रांजणासकट. मुदत कधीपर्यंत, चुकली तर काय होईल, हे दोनदा वाचून दाखवलं. रंगाऱ्याने दोनदा मान हलवली.

मुदत चुकली. अंगण शेठजींचं झालं. त्यांनी घर मात्र राहू दिलं आणि रंगाऱ्याला आपल्या दुकानात कापडाच्या गाठी उचलायच्या कामावर ठेवलं. पेठेत कुणी विचारलं तर रंगारी सांगायचा, शेठजी माझ्या शब्दाला मान देतात, म्हणून मदतीला जातो.

तिकडे केरबाला मोठी पगडी मिळाली. ती घालून तो दरबाराच्या दारात गेला, तर तिथे पगड्यांचाच बाजार भरलेला. जागा चार आणि पगड्या हजार. पाच-सहा महिने तो एका लिहिणाऱ्याच्या हाताखाली दौती धूत राहिला आणि घरी कळवत राहिला की काम आता होईलच, काळजी नसावी. खोटं सांगायला त्याला पाठशाळेत शिकावं लागलं नाही. ते तो घरूनच शिकून आला होता.

शेवटी तो घरी आला. रंगारी दारातच उभा होता. केरबा पाया पडायला वाकला, बापाने त्याला उठवायला हात पुढे केले, आणि केरबा ते हात बघत राहिला. जन्मापासून निळे पाहिलेले हात गव्हाळ झाले होते. नखांच्या कडासुद्धा स्वच्छ होत्या.

"बाबा, हात असे कसे?"

"धुतले," रंगारी म्हणाला.

केरबा आत गेला, अंगणात गेला, गोणपाट उचललं आणि रांजण मेलाय हे त्याला कळलं. आईने तिला ठाऊक होतं तेवढं, शेठजींचं कर्ज आणि पाचव्या दिवसाचं व्याज, सांगून टाकलं.

तो तडक शेठजींच्या दुकानात गेला. चारचौघांत त्यांना नको ते बोलला. गरिबाचा रांजण गिळलात म्हणाला. शेठजींनी ऐकून घेतलं, पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "मी व्याज तोंडावर सांगितलं होतं, बाळ. रांजणाला चालेल का, हेही विचारलं. तुला घरी काय सांगितलं होतं?"

केरबा तसाच दुकानाची पायरी उतरला. मी शेठजींची बाजू घेतोय असं समजू नका. त्यांनी घेतलं ते घेतलंच, आणि नफ्यात राहिले. पण त्यांच्या प्रश्नात खोट काढता येत नव्हती.

घरी आल्यावर तो बापासमोर बसला.

"मी विचारलं होतं, बाबा. जेवताना. सरळ विचारलं होतं."

"तुला ओझं नको म्हणून नाही सांगितलं."

"ओझं दिलंतच की," केरबा म्हणाला. "फक्त किती आहे ते सांगितलं नाहीत."

रंगारीण चुलीपाशी होती. ती उठली. तिने घासून ठेवलेली ती घागर तेवढी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाने पगडी डोक्यावरून काढली, तिची चुंबळ केली, त्या चुंबळीवर घागर उपडी ठेवली आणि तो गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. माणसं दारात आली. मोठी पगडी घेतलेला मुलगा त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तो असा. पहिल्याच दारात त्याने घागर सुलटी केली. मग मोठ्याने म्हणाला.

"माझा रांजण गेला, विरजण वाढा."

कुणी हसलं नाही. टोकाच्या घरातली म्हातारी रंगारीण तेवढी म्हणाली, "बाबा, तुझ्या बापाचं दांडकं रोज ऐकत होतो आम्ही. मेलेल्या रांजणाचा आवाज रंगाऱ्याला कळत नाही का? वाट बघत होतो, कधी येईल घागर घेऊन." आणि तिने एक नव्हे, दोन ओंजळी घातल्या.

प्रत्येक दारातून पाणी पडत गेलं. पगडी भिजली, घागरीवरून ओघळलेलं पाणी केरबाच्या हातांवर आलं, वारा लागला आणि ते कोरे हात मनगटापर्यंत निळे झाले. भरली घागर घेऊन तो घरापाशी आला तेव्हा कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. म्हणाला, बाबा, मेलेलं पाणी उपसायला लागू, मला दाखवा चुना किती घालायचा.

रंगारी उंबऱ्यात उभा होता. तो बाजूला सरला नाही. मान खाली घालून म्हणाला,

"अंगण आपलं नाही, केरबा. मागच्या महिन्यात गेलं."

गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरगं फिरून आलं, प्रत्येक दारात तोंड उघडून आलं, आणि बापाने ते होऊ दिलं. कारण सांगायला त्याची जीभ तेव्हाही उचलली नव्हती.

ती घागर घराच्या कोपऱ्यात राहिली. विरजण रांजणावाचून टिकत नाही. चार दिवसांत तिलाही तोच वास येऊ लागला आणि रंगारणीने ती नदीवर नेऊन ओतली.

केरबा शेठजींच्या दुकानात लिहायला लागला. धान्याच्या पेढीवर मिळाला असता तेवढाच पगार, त्यातला अर्धा मुद्दलात जायचा. बाप गाठी उचलायचा, मुलगा त्या मोजायचा. पगार झाला की केरबा घरी येऊन बापापुढे नाणी मांडायचा आणि मोठ्याने सांगायचा, एवढे आले, एवढे शेठजींना गेले, एवढे उरले. रंगारी म्हणायचा, मला कशाला सांगतोस? केरबा म्हणायचा, या घरात कुणीतरी सांगायला हवं. याखेरीज बापलेकांत बोलणं उरलं नव्हतं.

पेठेने यातून काय घेतलं म्हणाल, तर काहींनी सांगितलं की पाठशाळाच वाईट, आणि त्यांनी आपली हुशार पोरं घरी बसवली. काहींनी सांगितलं की सावकार वाईट, आणि ते दुसऱ्या सावकाराकडे गेले. शेठजींनी अंगणात गोदाम बांधलं.

पोराच्या शिक्षणासाठी कर्ज काढूच नये, असं मी म्हणणार नाही. उसन्या मालावर आमचा अर्धा बाजार चालतो. पण ज्याच्यासाठी कर्ज काढलं त्याला न सांगता काढलेलं कर्ज हे कर्ज नव्हे, तो सापळा असतो. आणि त्यात आधी आपण अडकतो, मग तो. केरबाच्या बापाकडे पैसा कमी होता, हे दुःख खरं. पण रांजण त्या दुःखाने मेला नाही.

तात्पर्य एवढंच की सावकाराचं व्याज कागदावर असतं म्हणून ते कधीतरी फिटतं. मायेने लपवलेलं व्याज मुलाला सांगितलेलंच नसतं, म्हणून ते त्याला जन्मभर फेडावं लागतं.

तेव्हा एक विनंती. आज घरी गेल्यावर मुलांना समोर बसवा आणि घरात किती आहे, किती नाही, कुणाचं देणं आहे, ते त्यांना खरं सांगा. आकडा लहान असला तर लहान सांगा. हिशेब सचोटीने ठेवा, आणि आधी घरच्यांशी ठेवा.